दारापाशची रांग

“बाकी सगळ्या रांगांत औषधी अर्क ठरल्याएवढाच, आणि दारापाशच्या रांगेत भलताच वाढलेला!” प्रयोगशाळेची प्रमुख इरा म्हणाली. “सोमवारच्या कापणीआधी सागरनंच काहीतरी फवारलंय.”

मायदेशापासून दूर, ईस्ट टामाकीतल्या त्या काचघरात सरकारी परवान्यानं, केवळ औषधासाठी गांजा वाढत असे. फवारणीला सक्त मनाई. आळ खरा ठरला तर ती रांग सांभाळणाऱ्या सागरची नोकरी जाणार, आणि नोकरीवरच त्याचा व्हिसा.

खाजगी तपास करणारी देवयानी कुंड्यांपुढे वाकली. तिचा नवरा चंद्रहास मात्र त्या उग्र वासात हरवला. डोंबिवलीच्या गॅलरीत, तेलाच्या डब्यात, आईची तुळस होती. रोज तिला लोटाभर पाणी घालायचं काम त्याचं. अधूनमधून मात्र आई लोटा हातातून काढूनच घ्यायची. का बरं? आठवेना.

“अहो, आठवणी नंतर! या कुंडीला हळदकुंकू कोणी लावलंय?”

सागर रडवेला झाला होता. “शपथ, मावशी, मी काही फवारलं नाही. रविवारी पानं मलूल दिसली, वाटलं ऊन लागलं.”

“पाणी कोण घालतं?”

“सगळीकडे नळी आहे. इथवर ती पोचत नाही, म्हणून श्यामलाकाकू झारीनं घालतात. फार मायाळू! शनिवारी मला साबुदाण्याची खिचडी आणली, चांगली डबाभर, हीप्स!”

श्यामलाकाकू एप्रनला हात पुसत आल्या. “माझ्या फ्लॅटला ऊन नाही हो, तुळस जगत नाही. मग या झाडांनाच रोज नमस्कार करते. यांना कशाला काही वाईट घालीन?”

“निष्पाप आहे गं बाई,” चंद्रहास पुटपुटला.

“आहेच. पण केलंय त्यांनीच.”

सगळे चमकले.

“कोणी काही घातलं नाही, इरा. घालायचं राहिलंय, ते पाणी! शनिवारी साबुदाणा, म्हणजे एकादशी. कुंडीला हळदकुंकू, म्हणजे काकूंच्या लेखी ही रांग तुळशीचीच. एकादशीला तुळशीला निर्जळी उपास. रविवारीही तिला पाणी घालत नाहीत. दोन दिवस कोरडे गेले, पानं मलूल झाली. कापणीच्या तोंडावर झाड तहानलं की कधीकधी अर्क वाढतो ना?”

इरानं मातीच्या ओलाव्याची नोंद उघडली. “दोन्ही दिवस खडखडीत!” ती वरमली. “सॉरी, सागर. कामावर ये उद्या.”

“लेकरा, माझ्यापायी तुझी...” काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“स्वीट अ‍ॅज, काकू! काही बिघडलं नाही, पण खिचडी बंद करू नका.”

इरा हसू दाबत म्हणाली, “पुढची एकादशी कधी?”

चंद्रहासनं ते ऐकलंच नाही. “ठेव तो लोटा, बाळा. आज तिचाही उपास,” गॅलरीतला आवाज त्याला चाळीस वर्षांनी स्पष्ट ऐकू आला होता. त्यानं आपली रिकामी मूठ हळूच मिटली.