ओठ मिटले, गाणं थांबलं नाही

हे मला कुणी सांगितलेलं नाही. ते घडलं तेव्हा मी ताईच्या शेजारी, हातभर अंतरावर, गिटार घेऊन बसलो होतो. त्यामुळे ‘तुला भास झाला असेल’ असं म्हणू नका. ते सगळ्यांचं म्हणून झालंय.

थंडीतला शनिवार होता. संध्याकाळ.

दवाखाना आणि चपलांचं दुकान यांच्या मध्ये एक छोटं रेस्टॉरंट आहे. सूप, सँडविच, कॉफी मिळते. शनिवारी कोपऱ्यातलं टेबल उचलून तिथे बुटकं लाकडी स्टेज मांडतात आणि कुणीतरी गातं. पहिल्या टेबलावरच्या माणसाचा गुडघा गाणाऱ्याला लागेल, एवढीच जागा.

माइक नाही. स्पीकर नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

ताई लग्नाआधी फार छान गायची. मग संसार, मग मुलगी... गाणं मागे पडलं. भाची शाळेत जायला लागली तसा मीच ताईच्या मागे लागलो. “चल गं, एकदा गाऊन तर बघ.”

दुपारी तालमीला गेलो. मालकाला सगळे दाढी म्हणतात, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मावशी.

“लोक खाणार की ऐकणार?” ताईने त्याला विचारलं.

“घास हातात धरून बसले, की समजा गाणं जमलं.”

ताई खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

आम्ही सूर लावला आणि स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. बाईचा आवाज. जाडसर, जरासा घोगरा. आमचंच गाणं होतं...

पण आमच्यापेक्षा अर्धी ओळ पुढे.

“मावशींचा गळा चांगला आहे की!” ताई म्हणाली.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार उघडलं. मावशी भाजीची पिशवी घेऊन बाहेरून आत आल्या.

मी उठून स्वयंपाकघरात डोकावलो. गॅस बंद. ओट्यावर भांडी पालथी घातलेली...

आत कुणीच नव्हतं.

“पाइपात हवा अडकते,” दाढी म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मावशी मात्र ताईजवळ गेल्या. हळूच म्हणाल्या, “पोरी, घसा बसलाय म्हणून सांग आणि घरी जा.”

“का हो मावशी?”

“जा म्हणते ना.”

आम्हाला वाटलं, बाई जरा तऱ्हेवाईक आहे. शिवाय ताई किती हौसेने आली होती. ती कसली जातेय!

संध्याकाळी सगळी टेबलं भरली. भावोजी भाचीला मांडीवर घेऊन दाराजवळ बसले. ताई अशी गायली, की चमच्यांचे आवाज आपोआप थांबले. माझा ऊर भरून आला.

शेवटच्या गाण्याला दाढीने दिवे मंद केले. लोकांनी डोळे मिटले.

कडवं संपत आलं. ताई श्वास घ्यायला थांबली. तिचे ओठ मिटले...

आवाज थांबला नाही.

ताईचाच आवाज. तोच गोडवा, तीच हरकत. ओळ पूर्ण झाली. पुढची सुरू झाली.

ताईचे ओठ मिटलेलेच होते.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नखं रुतली. माझी बोटं तारांवर चालत राहिली, कारण ती थांबवली तर काय होईल याचीच मला भीती वाटत होती.

आवाज आमच्या पाठीमागून येत होता. स्वयंपाकघराच्या दारातून.

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं...

नुसती हवा.

त्यानंतर ताई बोललेली नाही. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले. सगळे एकच सांगतात, घशाला काहीही झालेलं नाही.

मावशींनी ती नोकरी सोडली होती. पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

“आधी माझी नणंद गायची तिथे,” त्या म्हणाल्या. “एका शनिवारी गायली आणि मुकी झाली. आवाज तिथेच राहिला. तो कानावर पडावा म्हणून मी तिथे भांडी घासली, स्वयंपाक केला.”

“मग आता?”

“तुझी ताई गायली, त्याच संध्याकाळी नणंद गेली. बसल्या जागी. काही दुखणं नव्हतं, खुपणं नव्हतं.”



ताईला मी यातलं काही सांगितलं नाही. पण तिला तिथे जायचंच होतं. हाताने खुणा करून, डोळ्यांत पाणी आणून तिने मला गळ घातली. एका दुपारी तिला आणि भाचीला घेऊन गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. कॉफी सांगितली.

थोड्या वेळाने आतून गुणगुणणं सुरू झालं...

ताई कॉफीचा कप तसाच धरून ऐकत होती. भाचीचा चेहरा एकदम उजळला. ती खुर्चीवरून उतरली आणि स्वयंपाकघराकडे धावली. मी तिला दारातच उचललं.

“मामा, सोड ना! आई आत आहे!”

“अगं, आई इथे बसलीय. ही बघ.”

भाचीने मागे वळून ताईकडे बघितलं. बराच वेळ.

“आई आत आहे,” ती म्हणाली. “मग ही कोण?”

ताईने ते ऐकलं.

आता भाची भावोजींजवळ झोपते. ताई हात पुढे करते, ती मागे सरकते.

आमच्या प्रकारानंतर शनिवारचं गाणं बंद होतं. आता दाढी या शनिवारपासून पुन्हा सुरू करतोय. मी त्याच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, “तुझ्या ताईचा घसा गेला, त्यात माझ्या टेबलांचा काय दोष?” गायला येणाऱ्या मुलीलाही गाठलं. तिने पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली.

आज शनिवार आहे. संध्याकाळ झालीय. मी ताईच्या घरी येऊन बसलोय. ती खिडकीशी खुर्चीत आहे. तिला काही माहीत नाही.

आत्ताच तिने मान वर केली... कान देऊन काहीतरी ऐकल्यासारखी.

मला काहीच ऐकू येत नाहीये.

मी फक्त तिच्या छातीकडे बघतोय. श्वास चालू आहे.

अजून चालू आहे.