चाळीस लिटरची कुंडी

"झाड मरतंय," नरिसा म्हणाली. "आणि ते तहानेनं मरत नाहीये."

मालीवान मावशीचा चेहरा पांढरा पडला. बंद खोलीत दिव्यांचा जांभळट उजेड होता. पंखे घुमत होते. मधोमध मोठ्या काळ्या कुंडीत आईझाड उभं होतं. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

नरिसा थायलंडमधल्या सकोन नकोनच्या शेती कार्यालयात नव्यानेच लागलेली वनस्पती तपासनीस. या झाडाच्या पानांचा नमुना घ्यायला ती आली होती. ही गांजाची जात मावशीच्या दिवंगत नवऱ्याच्या, सोमबतच्या नावाने नोंदवायची होती. औषध बनवणारे वैद्य हीच जात मागत. कलमं घ्यायची ती याच एका आईझाडापासून, आणि नोंद होईपर्यंत मावशीने एकही घेतलं नव्हतं; खोलीतली विकायची बाकीची झाडं साध्या जातीची. हे गेलं की जात संपली.

"मी आठवडाभर विहारात होते, शील पाळायला," मावशी म्हणाली. "आले तेव्हा मान टाकलेली. मला वाटलं, मी नव्हते म्हणून रुसलं."

"झाडं रुसत नाहीत, मावशी. पाणी कोण घालत होतं?"

"मी," दारातून उरै म्हणाली. उरै मावशीची धाकटी बहीण. शेजारीच राहायची, बाजारात आंबवलेली मासळी विकायची. "रोज झारी भरून. ताईच्या झाडाला मी उपाशी ठेवीन का?"

नरिसाने गुडघे टेकले. मातीवर, कुंडीच्या कडेने, हिरवट शेवाळ आलं होतं. बारीक काळी चिलटं उडत होती. तिने कडेला बोट खुपसलं. बोट सरळ आत गेलं. माती गार, चिकट, मोकळी.

"हे झाड या कुंडीत किती दिवस आहे?"

"दोन वर्षं झाली," मावशी म्हणाली. "माझ्या माणसानं स्वतः लावलं. कुंडीवर नाग त्यानंच रंगवलाय, बघ."

नरिसाने कुंडी तिरकी करायचा प्रयत्न केला. कुंडी हलेना. ती विटांवर ठेवलेली होती; नरिसाने खालून हात घालून बुडाची भोकं चाचपली. मग हात पुसले.

झाडाच्या बुंध्याला लाल, पिवळं आणि हिरवं रेशमी कापड जाडजूड गुंडाळलं होतं. जुन्या वडाला बांधतात तसं.

"हे जरा सोडता येईल?"

"अंहं!" तिघे एकदम ओरडले. तिसरा थवत, दिवे आणि पंखे सांभाळणारा मावशीचा भागीदार.

"आईचं वस्त्र आहे ते," थवत म्हणाला. "कोणी सोडत नाही. सोडलं तर खोलीवर कोप होतो. तुम्ही शिकलेले लोक हसाल."

"मी हसत नाहीये, दादा. मी मोजतेय."

*

जेवायला उरैने आपल्या घरी पपईची कोशिंबीर कांडली. वेताच्या टोपलीत चिकट भात होता. आंबवलेली मासळी तिने सरबताच्या बाटलीतून ओतली.

नरिसाने ओट्याकडे पाहिलं. तिथे सरबताच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे ओळीने मांडले होते. सगळ्यांत तोच तपकिरी रस.

"एवढ्या बाटल्यांत कशाला भरता, उरै मावशी?"

"गिऱ्हाईक थोडं थोडं मागतं, पोरी. मोठं भांडं जागा खातं."

"आणि वास किती सुटतो!" थवत हसला. "हिचं घर आंधळ्यालासुद्धा सापडेल."

"तुझ्या मोज्यांपेक्षा बराच बरा," उरैने टोला हाणला. मालीवान मावशी मात्र हसली नाही. तिने भाताचा घास नुसता चिवडला.

जेवण झाल्यावर नरिसाने थवतला अंगणात गाठलं.

"दादा, तुम्ही कुंड्या कशा बदलता?"

"पायरीपायरीनं. कलम आधी कपात. मुळं कपभर झाली की चार लिटरच्या कुंडीत. ती भरली की अकरा लिटरच्या. आणि आईझाड तेवढं चाळीसमध्ये. मधली पायरी गाळायची नाही. छोटं मूळ मोठ्या मातीत ठेवलं, की ते सगळं पाणी पिऊ शकत नाही. माती चिखल होते, मूळ कुजतं."

"हे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"सोमबतदादांनी मला शिकवलं. मावशीला ठाऊक आहे. उरैताई फक्त पाणी घालतात."

"नवी चाळीस लिटरची कुंडी कुठे मिळते?"

"अख्ख्या गावात एकच दुकान. नरोंगचं."

नरोंगशी मावशीचं वाकडं होतं. त्याने आईझाडाची एक फांदी मागितली होती आणि मावशीने त्याला दारातून परत लावलं होतं. तो दुकानातच भेटला.

"मोठी कुंडी? या महिन्यात एकही गेली नाही," तो म्हणाला. "का, मालीवानचं झाड चोरीला गेलं की काय? माझं नाव घेते ना ती?"

"अजून नाही."

"घेईल. मला फांदी हवी होती, हे खरं आहे. पण मी ती तोंडावर मागितली, मुली. चोरायची असती तर मागायला कशाला गेलो असतो?"

*

दिवस कलायच्या आत नरिसाने तिघांना खोलीत बोलावलं. नरोंग बोलावल्याशिवायच आला आणि दारात उभा राहिला.

"मावशी, एक परवानगी द्या. मला हे झाड कुंडीतून काढायचंय. वस्त्राला हात लावणार नाही."

मावशीने झाडाकडे पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

थवतने कुंडी आडवी केली. नरिसाने बुंधा धरून ओढला. दोन वर्षांचं झाड हलायलासुद्धा नको होतं. ते सहज बाहेर आलं. भोवतालची माती भसाभसा गळून पडली आणि आतून मुळांचा एक लहान, गोल, घट्ट गोळा उरला. खालच्या बाजूला तपकिरी, कुजलेला.

थवतने न सांगता शेजारची एक रिकामी कुंडी आणली. गोळा तिच्यात अगदी नेमका बसला.

"अकरा लिटर," तो पुटपुटला.

"मुळं ज्या भांड्यात वाढतात, त्याचा आकार घेतात," नरिसा म्हणाली. "दोन वर्षं चाळीस लिटरमध्ये राहिलेल्या झाडाची मुळं कडेपर्यंत आणि बुडाच्या भोकांपर्यंत यायला हवीत. सकाळी मी भोकं चाचपली, तिथे एकही मूळ नव्हतं. मावशी, हे तुमचं आईझाड नाही. याच खोलीतलं विकायचं एखादं साधं झाड छाटून इथे लावलंय."

"पण बुंधा?" मावशी म्हणाली. "आईचा बुंधा मनगटाएवढा होता!"

"तो कोणाला दिसला?"

मावशीने हात जोडले, ओठांत काहीतरी पुटपुटली आणि रेशमी कापडाची गाठ सोडली. कापड पदरापदराने उलगडत राहिलं. शेवटी आत बोटाएवढा हिरवा दांडा निघाला.

"चोराला ठाऊक होतं की इथे कोणी वस्त्र सोडणार नाही," नरिसा म्हणाली. "आणि कुंडी बदलता येणार नाही, हेही. नाग रंगवलेली ही कुंडी दारातूनच ओळखू येते. म्हणून तोतया झाडाला हीच मोठी कुंडी द्यावी लागली. आज मी त्याची पानं नमुन्याला नेली असती. तपासणीत ही जात साधी निघाली असती, आणि मावशी खोट्या ठरल्या असत्या. खरी जात मग दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर गेली असती."

"कोण?" मावशीने विचारलं. ती नरोंगकडे पाहत होती.

"अकरा लिटरच्या कुंड्या याच खोलीत असतात आणि तुम्ही नसताना इथे दोघंच येत होते. थवतदादांनी हे केलं असतं, तर लहान मुळांना थोडंच पाणी दिलं असतं. झाड तजेलदार राहिलं असतं आणि मला संशयही आला नसता. हे झाड कुंडी बघून पाणी घालणाऱ्या माणसाने बुडवलंय."

"आता खऱ्या झाडाचं," नरिसा पुढे म्हणाली. "चाळीस लिटर भरून मुळं. ती कापली तर झाड मरेल, म्हणून तेवढंच मोठं भांडं हवं. नरोंगच्या दुकानातून एकही कुंडी गेली नाही. मग गावात तेवढं भांडं अचानक कोणी रिकामं केलं? उरै मावशी, तुमची मासळी सगळी बाटल्या-बरण्यांत आलीय; मग तिचा रांजण कुठे आहे?"

*

रांजण उरैच्या स्वयंपाकघरामागे होता. काळी जाळी बांधलेली, वर पिल्लांना ऊब द्यायचा दिवा. जाळी बाजूला होताच मावशीने तोंडावर हात धरला.

झाड तेच होतं. बुंधा मनगटाएवढा. पण पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, टोकं वळलेली. रांजणाच्या बाहेरच्या अंगावर पांढरी पूड फुटली होती.

"मी सात वेळा धुतला," उरै म्हणाली. आवाजात पहिल्यांदा भीती होती. "वाळूनं घासला. वाससुद्धा उरला नव्हता."

"वास गेला. मीठ रांजणाच्या मातीत मुरलेलं असतं. तुम्ही पाणी घातलंत, ते मीठ मुळांपाशी आलं. आणि रांजणाला भोक नाही." नरिसाने पांढऱ्या पुडीवरून बोट फिरवलं. "माप बरोबर निवडलंत. भांडं चुकलं."

मावशी बहिणीकडे वळली. "का गं?"

"उबोन शहरातला एक कंपनीवाला जात माझ्या नावाने नोंदवणार होता. दुसरीकडे कुठेही ती नको, एवढीच त्याची अट."

"तुझ्या नावाने? सोमबतनं डोंगरातून बी आणलं!"

"एकट्यानं आणलं? तुझा ताप उतरत नव्हता, ताई. तू घरात पडली होतीस. डोंगरात त्याच्याबरोबर मी गेले होते. पाठीवर पोतं माझ्या होतं, जळवा माझ्या पायाला लागल्या. आता नोंद करताना तू फक्त त्याचं नाव सांगितलंस."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. स्वयंपाक करताना. तू हसलीस, म्हणालीस, मासळीवालीचं नाव झाडाला? वास येईल."

थवत खाली बघू लागला. मावशीला ते आठवलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"शेंड्याच्या दोन फांद्या अजून जिवंत आहेत," नरिसा हळूच म्हणाली. "आत्ता कलमं घेतली तर जात वाचेल. उद्या नाही."

मावशीने थवतच्या हातातली कात्री घेतली. दोन्ही फांद्या तिरक्या कापल्या. नरिसाने त्यांची दोन पानं पाकिटात ठेवली.

"मावशी, नोंद कोणाच्या नावाने करू?"

मावशीने कलमं ओल्या कापडात गुंडाळली. बहिणीकडे पाहिलं नाही.

"सोमबत आणि उरै. दोघांनी आणलं ना, मग दोघांची नावं."

उरैने एक पाऊल पुढे टाकलं. "ताई..."

"ताई म्हणू नकोस," मावशी म्हणाली. "आणि आपल्या घरांमधलं फाटक मी आज आतून बंद करणार आहे."

कलमं छातीशी धरून ती चालू लागली.