स्कार्बरोची बुडी

समुद्रकाठच्या स्कार्बरोची ही सहल विनिफ्रेडने थेल्मासाठीच ठरवली होती. थेल्मा तिची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची. स्मृतिभ्रंशामुळे दीड वर्षापासून सख्ख्या बहिणीला ती ‘बाई’ म्हणत होती, औषध द्यायला येणाऱ्या नर्सला म्हणावं तसं. सोमवारी तिला वृद्धाश्रमात सोडायचं होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायला मिळावं, एवढ्याच आशेने विनीने त्यांच्या गावाहून, बार्न्सलीहून, बसच्या दोन जागा धरल्या होत्या.

“परतीची बस साडेचारला सुटणार. मी कुणासाठी थांबत नाही हं, सुंदऱ्यांनो!” ड्रायव्हर क्लाइव्हने बजावलं.

“तुझी बस आमच्याहून म्हातारी. ती निघाली तर खरं!” विनीने सुनावलं.

तीनच्या सुमाराला समुद्रावरून धुकं आलं. विनी टपरीवरून दोन चहा घेऊन वळली, तर थेल्माला बसवलेला बाक रिकामा.

ती वाळूतून धावत सुटली. पुढे पाण्यात टापा वाजत होत्या, लाकडी चाकं करकरत होती, ओल्या घोड्याचा वास येत होता. धुकं जरा विरलं. लाटांमध्ये चाकांवरची एक लाकडी खोली उभी होती, दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रांत समुद्रस्नानासाठी घोड्याने पाण्यात ओढून नेलेली असते तशी. तिच्या पायऱ्यांशी थेल्मा कमरेइतक्या पाण्यात होती. एका धिप्पाड बाईने तिला कवेत धरलं होतं आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तितक्या जपून ती तिला बुडवत होती. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा...

विनी जागीच उभी राहिली. भीतीने नव्हे. समोर जे चाललं होतं ते इतकं मोठं होतं, की आपण मान झुकवावी असंच तिला वाटलं. तिने ती झुकवली.

मान वर केली तेव्हा थेल्मा एकटीच वाळूतून येत होती. कोट कोरडा, बटणं नीट लावलेली. केस मात्र निथळत होते.

“विने! अगं, चहा सगळा सांडलास की! धांदरट कुठली!”

विनी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. बसपर्यंत थेल्माचं तोंड थांबलं नाही. कोळशाच्या खाणीतून येणारे काळेकुट्ट बाबा, कुत्र्याने फस्त केलेला विनीच्या लग्नाचा केक, सगळं तिला आठवत होतं. जागेवर बसल्यावर तिने आवाज खाली आणला.

“त्या पाण्यातल्या बाईने ओळखलं मला. तू तीन वर्षांची असताना इथेच बुडालीस, विने... श्वास थांबला होता तुझा. तिनेच तुला धुक्यातून आणून आईच्या हातात दिलं. म्हणाली, ‘उसनी देतेय.’ आईने शपथ घातली होती, म्हणून कधी बोलले नाही.”

आईने विनीला जन्मभर पाण्याच्या कडेलाही जाऊ दिलं नव्हतं.

क्लाइव्हने माणसं मोजली. दार लागलं.

“आणि आज... आज काय म्हणाली ती?”

थेल्माने वळून पाहिलं, आदबीने, परक्यासारखं. तिचे केस आता कोरडे होते.

“कोण, बाई?”

मग तिने पर्समधून रुमाल काढून पुढे केला.

“तुमचे केस किती ओले झालेत हो. पुसा आधी.”