कपारीतला पाहुणा

“माझा घरवाला खुनी नाय, साहेब,” आवडाबाई दारातूनच म्हणाली. “त्याला सोडवा.”

ठाण्याचे खासगी गुप्तहेर नीळकंठ चौबळ यांनी तिला बसायला सांगितले. त्यांचा मित्र उत्तम याने बातमी नुकतीच वाचली होती. वासुदेव टिपणीस हे गृहस्थ लष्करी लिलावातल्या ट्रकवर लाकडी खोली बांधून गावोगावच्या जुन्या खाणी पाहत फिरत. काल ते कळव्यापलीकडच्या जुन्या दगडखाणीत शिळेखाली चिरडून मेले. वाट दाखवणारा खाणकामगार धाकू अटकेत होता.

“काल तू काय काय केलंस?” चौबळांनी विचारले.

“रोजचंच. झाडलं, शेठनी सांगितलं म्हणून वर सात हंडे पाणी नेलं, भाकऱ्या भाजल्या. खाणीला सुटी होती. धाकू पाहुण्यासंगं गेला. दीडच्या सुमाराला धडाड झालं.”

टिपणिसांचा ट्रक खाणीच्या तोंडाशी तसाच उभा होता. आत पलंग, स्टोव्ह, चिठ्ठ्या लावलेले दगड आणि एक वही. चौबळांनी कालचे पान वाचले.

‘सकाळी सात. मालक काळुराम भेटले. त्यांना झोपड्यांवरची डोंगरातली भेग दाखवली. आणखी सुरुंग लावले तर वस्ती पावसाळा काढणार नाही. उद्या कलेक्टरांना भेटणार. मालक सज्जन, दुपारच्या जेवणाची जागाही त्यांनीच सुचवली. दहा वाजता जुनी खाण पाहिली. हाताने काम करणाऱ्यांच्या छिन्नीच्या खुणा अजून ताज्या वाटतात. धाकू चांगला वाटाड्या. धूळ लागू नये म्हणून कॅमेरा त्याच्या झोपडीत ठेवला.’

“त्या कॅमेऱ्यासाठीच मारलं,” बरोबर आलेले फौजदार म्हणाले. “खाणीत दुसरं होतं कोण?”

“एकट्याने एवढी शिळा पाडली कशी?” उत्तमने विचारले.

फौजदारांनी खांदे उडवले. “पहारीनं.”

टिपणीस जेवायला बसले असता मेले, त्या कपारीच्या वर चौबळ चढले. उरलेल्या खडकाच्या कडेला अर्धी अर्धी भोके ओळीने दिसत होती. पहारीची ताजी खूण कुठेच नव्हती. टोकाची दोन भोके अखंड होती, त्यांतल्या एकात लाकडाची पाचर होती.

“काढ बघू.”

उत्तम घामाघूम झाला. पाचर हलेना. बाजूच्या ढिगातली तशीच वाळकी पाचर मात्र शेजारच्या रिकाम्या भोकात सैल बसली. मे महिना होता, डोंगरावर गवताची काडीही ओली नव्हती.

काळुराम खाली बाजेवर बसला होता. “मी नऊच्या गाडीनं कल्याणला गेलेलो. बाजारातली दहा माणसं सांगतील.”

“कपारीत जेवायला बसा, असं तुम्ही म्हणालात?”

“सावली तेवढीच हाय, साहेब. आमचा पाहुणा ना तो!”

कोठडीत धाकू गुडघ्यांत मान घालून बसला होता.

“शिळा पडली तेव्हा कुठे होतास?” चौबळांनी विचारले.

“विहिरीवर.”

“मग?”

“धावत वर चढलो.”

“काय दिसलं?”

धाकूने पाठ फिरवली.

“अरे, बोल की! जिवावर बेतलंय तुझ्या,” उत्तम वैतागला.

“आवडीला घरी जायला सांगा,” धाकू एवढेच म्हणाला.

संध्याकाळी फौजदारांच्या खोलीत चौबळांनी सगळ्यांना समोर बसवले; धाकूलाही कोठडीतून आणले होते.

“अखंड शिळा हवी असली की खाणीत सुरुंग लावत नाहीत. भोकांत वाळलेल्या पाचरी ठोकतात आणि तोडायच्या दिवशी पाणी घालतात. लाकूड फुगतं, चार-पाच तासांत दगड फुटतो. परवापर्यंत पाचरी कोरड्या होत्या. काल सकाळी कलेक्टरांचं नाव निघालं, खाण बंद पडायची वेळ आली. त्यानंतर काळुरामांनी पाणी घालायला सांगितलं, पाहुण्याला खालची जागा दिली आणि स्वतः कल्याण गाठलं. ज्याला तिथे हजर राहावं लागलं नाही, तोच खुनी आहे.”

“पाणी घातलं कुणी?” फौजदारांनी विचारले.

आवडाबाई पांढरीफटक पडली. “मी... शेठ म्हणाले, शिळा तोडायची हाय, पाचरींवर पाणी घाल. पाहुणा खाली बसणार, मला काय ठाव!”

“मी कधी सांगितलं?” काळुराम शांतपणे म्हणाला. “कुणी ऐकलं?”

कुणीच ऐकले नव्हते.

“म्हणजे बायको वर पाणी घालते, नवरा पाहुण्याला खाली बसवतो,” फौजदार सावकाश म्हणाले. “दोघांनाही आत घ्यावं लागेल.”

“हिला यात काही ठाऊक नव्हतं!” चौबळ उभे राहिले. “वर चढल्यावर धाकूने ओल्या पाचरी पाहिल्या. पाणी कोण वाहतं हे त्याला माहीत होतं. म्हणून तो कालपासून गप्प—”

“पाणी मी घातलं,” धाकू म्हणाला. “तिनं नुसते हंडे वर ठेवले. कॅमेरा मला पायजे होता.”

“अरे, काय बोलतोस!” आवडाबाई त्याच्या अंगावर धावली. “खोटं बोलतोय, साहेब! लिहू नका!”

फौजदारांनी दौत पुढे ओढली होती. “एकट्यानं शिळा पाडली कशी, तेवढंच अडलं होतं. कोर्टात पहिला प्रश्न तोच आला असता. बरं झालं, चौबळसाहेब, तुम्ही उलगडून सांगितलंत.”

“उद्या खाण सुरू केली तर चालेल ना?” काळुरामने उठता उठता विचारले.

“करा,” फौजदार लिहिता लिहिता म्हणाले.

उत्तम चौबळांकडे पाहत राहिला. कागद पुरा झाला, तसा धाकूने अंगठा पुढे केला.