दोन बोटं कमी

हे खरं आहे. पटलं नाही तरी चालेल, पण "भास झाला असेल" असं मला सांगू नका. मी शिडीवर टक्क जागा उभा होतो.

रविवार होता. पहाटेचे सव्वासहा. एका खासगी धावपट्टीवर मी तेव्हा मेकॅनिक होतो. पत्र्याची एक शेड, तीन छोटी विमानं आणि एक मालक.

आमच्याकडे पेट्रोलच्या काट्यावर कुणी भरवसा ठेवत नसे. उडायच्या आधी पंखावरचं झाकण उघडायचं, खुणा केलेली लाकडी काठी टाकीत तळापर्यंत सोडायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं.

माझे भाऊजी, ताईचे मिस्टर, तिथेच पायलट होते. ते काठी तळाला दोनदा आपटायचे. सवयच त्यांची.

त्या रविवारच्या आठ महिने आधी मालकाच्या बुटाखाली येऊन त्या काठीचं खालचं टोक मोडलं. दोन बोटं. "चालतंय की," म्हणत तो निघून गेला. मी मोडकी बाजू खरकागदाने घासून गुळगुळीत केली आणि काठी जागेवर टांगली.

टोक गेलेल्या काठीच्या खुणा तेवढ्या खाली उतरतात. म्हणजे पेट्रोल आहे त्याहून जास्त दाखवते. मला हे कळत होतं. नवी काठी उद्या करू, म्हटलं.

जास्तीचं पेट्रोल म्हणजे फुकटचं वजन, हे मालकाचं पालुपद. भाऊजींनी भांडून अर्ध्या तासाचं राखीव ठेवायला लावलं होतं. ते त्या दोन बोटांत गेलं. परतताना वारा समोरून लागला आणि धावपट्टी दिसत असताना इंजिन बंद पडलं. भाऊजी गेले.

चौकशीत पायलटचा निष्काळजीपणा ठरला. मालक ताईसमोर कोरडे डोळे रुमालाने पुसत होता आणि मी शेजारी मान खाली घालून उभा. मला त्याची शिसारी आली. त्याहून जास्त माझी स्वतःची.

ताईने भाऊजींचा फोटो कपाटात टाकला. पोरांचाही विचार केला नाही या माणसाने, म्हणाली. तरी काठीचं मी सांगितलं नाही.

तर तो रविवार. नवी पायलट, पहिलीच नोकरी, ऑफिसात बसून आकडेमोड करत होती. शेडमध्ये मी एकटा.

तेवढ्यात...

टक... टक.

पंखावर कुणी नव्हतं. काठी भिंतीवर टांगलेली. नवी, अखंड, अपघातानंतर मीच केलेली.

मी शिडी लावली. झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली, पेट्रोल डोळ्यांना दिसत होतं. काठी सोडली, वर काढली...

कोरडी.

पुन्हा सोडली. कोरडी ठणठणीत.

तिसऱ्यांदा ती वर येईना. खालून कुणीतरी धरली होती. ओढत नव्हतं... नुसती धरलेली.

मग सुटली. वर आली तेव्हा खालची दोन बोटं गायब होती. तुटलेली नाही...

घासून गुळगुळीत केलेली.

मी शिडीवरूनच ओरडलो.

पायलट धावत आली. विमान नेऊ नका म्हणालो आणि तिला सगळं सांगून टाकलं. मागे मालक कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. त्याने मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला.

"मोडली मी, पण घासली तू. जरा विचार कर."

तो ओलसर, गुबगुबीत हात आठवला की अजून खांदा धुवावासा वाटतो. त्याच दिवशी मी चौकशीवाल्यांना सगळं लिहून दिलं. नोकरी गेली. त्याआधी मी आणि पायलटने ती टाकी पूर्ण रिकामी करून पाहिली. आत लाकडाचा कणही नव्हता.

संध्याकाळी ताईकडे गेलो. तिने सगळं ऐकलं. रडली नाही. फोटो काढून पदराने पुसला, भिंतीवर लावला. मग माझ्याकडे वळली.

"मोडली ते समजलं. पण घासलीस कशाला?"

लाकडाची कुसं पेट्रोलात पडू नयेत म्हणून, असं सांगणार होतो. पण मोडकं टोक तसंच असतं तर भाऊजींना लगेच दिसलं असतं; मी चपला घातल्या.

दोन वर्षं झाली. मी तिच्या घरी गेलेलो नाही.