आजोबांचा अंगठा आणि मिशीवाला सेल

"हात हलवू नकोस रे! एक थेंब भलतीकडे पडला की गेम ओव्हर!"

"माझा हात नाही, टेबल हलतंय. आणि टेबल लिंबू हलवतोय. तक्रार त्याच्यावर दाखल कर."

"मी कुठे हलवतोय? मी नुसता बघतोय!"

सुट्टी लागून पुरते चार दिवसही झाले नव्हते, आणि आत्याच्या जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया सुरू झाली होती. रुग्ण होता एक राखाडी रंगाचा, विटेएवढा जाड, हातात धरून खेळायचा जुना गेम. डॉक्टर होती तेरा वर्षांची ठिणगी. घरातलं जे जे बंद पडेल ते उघडून त्याला सोल्डर लावायची, म्हणजे वितळलेल्या कथलाने तारा डागायची, तिला भारी हौस, म्हणून हे नाव. मदतीला आत्याचा मुलगा वकील होता. तो वकील नव्हता, सातवीत होता, पण वाद घालायला बसला की आत्यासुद्धा कानांवर हात ठेवायची. आणि तिसरा ठिणगीचा सात वर्षांचा भाऊ. कुठल्याही खेळात त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतलं जायचं, म्हणजे पळायचं सगळ्यांबरोबर, पण आउट झालं तरी मोजायचं नाही. म्हणून तो लिंबू.

गेम आजोबांचा होता. आजोबा पूर्वी उंच क्रेन चालवायचे. आत्या लहान असताना त्यांनी तिच्यासाठी म्हणून हा गेम आणला आणि स्वतःच क्रेनच्या केबिनमध्ये बसून खेळत राहिले. वरून ठोकळे पडतात, ते नीट रचायचे, एवढाच खेळ. गेल्या वर्षी आजोबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं जवळजवळ गेलं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, पण आजोबा तो चेंडू सरळ कॉटखाली टाकून द्यायचे.

एका संस्थेकडून दिवसभर त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशीच एकदा म्हणाल्या होत्या, "चेंडूला कंटाळलेत हो ते. एवढ्या मोठमोठ्या वस्तू हलवलेला माणूस! त्यांना काहीतरी खरं करायला द्या." त्यावरून आत्याला माळ्यावरचा गेम आठवला. पण त्याचा पडदा इतका मंद होता की आजोबांना काही म्हणजे काही दिसेना. मग ठिणगीने बाबांच्या मागे लागून नवा उजेडाचा पडदा आणि मोठाली बटणं मागवली होती. गेममध्ये खोचायच्या कॅसेटचे पितळी दात स्पिरिटने पुसून झाले होते. आता शेवटची एक तार उरली होती.

"ही तार स्विचच्या आधी जोडायची की नंतर?" वकिलाने पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद डोळ्यांजवळ धरला. "इथे काहीतरी लिहिलंय..."

"आण इकडे!" ठिणगीने कागद बाजूला भिरकावला. "वीज म्हणजे वीज! कुठूनही आली तरी दिवा लागतोच."

चर्रर्र! धुराची एक रेघ वर गेली. चार सेल बसवले, कॅसेट खोचली, स्विच पुढे केला आणि पडदा लख्ख उजळला! टुंग टुंग करत पस्तीस वर्षांपूर्वीचं संगीत खोलीभर वाजलं.

"हुर्रे!" लिंबूने टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

त्या दिवशी चार वाजता मावशींनी आजोबांचा उजवा अंगठा मोठ्या बटणावर ठेवला. "खांद्याने नाही आजोबा, अंगठ्याने. अंगठा सरळ." पहिला ठोकळा वाकडा पडला. दुसराही. सातवा बरोबर खाचेत बसला आणि आजोबा हसले. वर्षभरात पहिल्यांदा! आत्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. ठिणगीची मान तर अशी ताठ झाली की ती आठवडाभर खाली वाकलीच नसती.

पण दुसऱ्या दिवशी चार वाजता गेम सुरूच होईना.

"सेल संपले," वकील म्हणाला. "एका दिवसात?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नवे घातले. दुपारी मुलं खाली खेळायला गेली. चार वाजता पुन्हा मेलेले! आजोबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि गेम पांघरुणावर टाकून भिंतीकडे तोंड केलं.

मुलांची गच्चीवर तातडीची सभा भरली.

"दुपारी खोलीत कोण असतं?" ठिणगीने विचारलं.

"आजोबा आणि मावशी."

"मावशींच्या बॅगेत काय असतं?"

वकिलाचे डोळे चमकले. "छोटा रेडिओ! आणि तो सेलवर चालतो! म्हणजे आपले ताजे सेल रेडिओत आणि रेडिओतले मेलेले आपल्या गेममध्ये. आरोप सिद्ध!"

"पण उद्या मी सेलवर..." लिंबू काहीतरी सांगायला लागला.

"तू गप! लिंबूटिंबूची साक्ष धरत नाहीत."

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा नवे सेल घातले, तरी चार वाजता गेम बंद. या वेळी ठिणगीने तो उघडूनही पाहिला नाही. ती तडक मावशींसमोर जाऊन उभी राहिली.

"आमचे सेल कुठे आहेत?"

"कुठले सेल गं?" मावशी आजोबांचं तोंड पुसत होत्या.

"ताई, आधी उघडून बघ ना! माझे सेल..." लिंबू तिचा फ्रॉक ओढत होता. तिने त्याचा हात झटकला, खुर्चीवरची मावशींची बॅग ओढली आणि चेन सर्रकन उघडली. कंगवा टपकन जमिनीवर पडला. आत रुमाल, डबा आणि रेडिओ. रेडिओमागचं झाकण काढलं तर आत दोन सेल, आणि तेही त्यांच्याच कंपनीचे!

"सापडले! मावशींनी आमचे सेल चोरले!" ठिणगी ओरडली.

ओरडणं ऐकून आत्या कानाला फोन लावूनच आली. तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. "काय? सेल चोरतात? मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"ते माझे आहेत, ताई," मावशी हळूच म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानातले."

"आज सेल, उद्या काय? मी तुम्हाला पाठवणाऱ्या ऑफिसला कळवते."

आजोबा जोरजोराने मान हलवत होते, डावा हात आपटत होते. "बघा, त्यांनासुद्धा केवढा त्रास झाला," आत्या म्हणाली. मावशींनी खाली पडलेला कंगवा उचलला, आजोबांची उशी सारखी केली आणि बॅग घेऊन त्या निघून गेल्या.

"शाबास गं!" आत्याने जाता जाता ठिणगीची पाठ थोपटली.

ठिणगी ऐटीत गेमकडे वळली. मागचं झाकण काढून तिने मेलेले सेल तळहातावर ओतले, आणि पुन्हा नीट पाहिले.

पहिल्या सेलला काळ्या शाईची मिशी होती. दुसऱ्याला चष्मा. तिसरा रडत होता, चौथ्याने जीभ बाहेर काढली होती.

"हे माझे आहेत," लिंबू रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी सकाळी त्यांच्यावर चित्रं काढली होती. केव्हाचा सांगतोय, कुणी ऐकतच नाही!"

वकिलाने एकेक सेल उलटून पाहिला. सकाळी घातलेले सेल अजून गेममध्येच होते. कुणी काही बदललं नव्हतं. कुणी काही चोरलं नव्हतं.

"मग ते संपले कसे?" वकील पुटपुटला.

ठिणगीने ताजे सेल घातले, स्विच बंदच ठेवला आणि गेम घेऊन ती कपड्यांच्या कपाटात शिरली. मागोमाग दोघंही घुसले. दार लावलं. मिट्ट काळोख झाला. आणि त्या काळोखात, स्विच बंद असताना, पडदा मंद निळा उजळलेला दिसला.

स्विचच्या आधी की नंतर! ठिणगीने तार थेट सेलच्या पट्टीला जोडली होती. स्विच बंद केला की ठोकळे जायचे, पण पडद्यामागचा दिवा मंद जळत सकाळपासून सेल पीत बसायचा. खोलीतल्या उजेडात ते कुणाला दिसायचं नाही. चोर तिथेच होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने डागून बसवला होता.

ती कपाटातून लवकर बाहेरच आली नाही. मावशींचा कंगवा जमिनीवर पडला तो आवाज तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. बॅगेची चेन आपण कशी ओढली, तेही. आपलं तोंड कुणाला दाखवूच नये असं तिला वाटलं.

आत्याला सगळं सांगितलं, तेव्हा तिने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "अगं बाई. पण आता पुन्हा कोण फोन करणार? कसं दिसेल ते? परवापासून दुसऱ्या बाई येतायत. झालं ते झालं." आणि मीटिंगसाठी खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी स्वतःच मावशींच्या ऑफिसला फोन केला. तिथले साहेब म्हणाले, "तक्रार आहे तोवर त्यांना दुसरं घर मिळणार नाही, असा नियम आहे. आणि मुलांच्या बोलण्यावर तक्रार मागे घेता येत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन या."

"मुलांच्या बोलण्यावर लागली कशी मग?" वकील गरजला, पण फोन केव्हाच ठेवला गेला होता.

"मोठं माणूस," लिंबू विचार करत म्हणाला. "आजोबा मोठे आहेत ना?"

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याला कुणी गप बस म्हणालं नाही.

आजोबांना सगळं सांगताना ठिणगीची मान वर होत नव्हती. आजोबांनी ऐकून घेतलं. रागावले असावेत, कारण बराच वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग डाव्या हाताने व्हीलचेअरकडे बोट दाखवलं.

मोहीम निघाली! लिफ्टमध्ये खुर्ची तिरकी घालावी लागली, फुटपाथच्या कडेला चाक अडकलं. वकील म्हणे डावीकडून ढकल, ठिणगी म्हणे उजवीकडून. तेवढ्यात आजोबांनी डावा हात वर केला. बोट फिरवलं, म्हणजे उचला. तळहात आडवा केला, म्हणजे थांबा. बोटं हळूहळू मिटली, म्हणजे सावकाश खाली. जन्मभर क्रेनवर ओळखलेल्या खुणा होत्या त्या! खुर्ची अलगद रस्त्यावर उतरली.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीला बाक, बाकावर काम मिळण्याची वाट बघणाऱ्या पाच-सहा बायका, आणि त्यांच्यात शेवटी मांडीवर बॅग घेऊन मावशी. त्यांनी मुलांकडे पाहिलं आणि बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरली. ठिणगीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

पण जमीन काही दुभंगली नाही, तेव्हा बोलावंच लागलं.

"या मावशींनी काही चोरलं नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तार मी चुकीची जोडली. कागद वाचला नाही. आणि यांच्या बॅगेला मी हात लावला. न विचारता."

तिने गेम साहेबांच्या टेबलाच्या खणात ठेवला आणि खण थोडासाच उघडा ठेवला. "वाकून बघा. स्विच बंद आहे."

साहेब वाकले. बाकावरच्या बायकाही उठून वाकल्या. "अगं बाई, जळतोय की!"

"आणि हा पुरावा क्रमांक दोन," म्हणत वकिलाने मिशीवाला सेल पुढे केला. "सकाळी आत होता, संध्याकाळीही आतच होता! साक्षीदार लिंबू!"

साहेबांना हसू आवरेना. "पटलं बाबांनो. पण मी मोठं माणूस आणायला सांगितलं होतं."

"याहून मोठं कुठून आणू?" लिंबूने व्हीलचेअरकडे हात केला. "आमच्या घरात यांच्याहून मोठं कुणी नाही!"

साहेबांनी कॉम्प्युटर आजोबांकडे वळवला. "ही ती तक्रार. काढून टाकू ना, आजोबा? मी दाबतो बटण."

आजोबांनी डावा हात आडवा केला. थांबा. मग उजवा हात मांडीवरून उचलला. तो थरथरत, अडखळत टेबलावर आला. अंगठा बटणावर गेला आणि घसरला.

"खांद्याने नाही, आजोबा," बाकावरून मावशींचा आवाज आला. त्या कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नसावं. "अंगठ्याने. अंगठा सरळ."

टक्. तक्रार पडद्यावरून गेली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात आत्या धापा टाकत आत शिरली, मीटिंग संपल्यावर घरी कुणी नाही म्हणून वॉचमनला विचारत शोधत आलेली. साहेबांनी तिला सगळं सांगितलं. "पोरं हुशार आहेत हो तुमची! आणि हिंमतवान." आत्याने ठिणगीला जवळ घेतलं. "जे मी करायला हवं होतं ते तुम्ही केलंत. शाबास!"

हीच शाबासकी काल केवढी गोड लागली होती! आज मात्र ठिणगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत्यापासून दूर झाली आणि मावशींसमोर गेली.

"मावशी, मला माफ करा."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चूक कुणाचीही होते, बाळा. पण बॅग उघडलीस ते मला आठवत राहील. खोटं कशाला सांगू?" मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून येते मी. आजोबांसाठी."

आत्याने हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता ठोकळे पुन्हा पडू लागले. ठिणगीने कागद दोनदा वाचून, वकिलाकडून तपासून घेऊन तार स्विचच्या पलीकडे जोडली होती, आणि कपाटात लिंबूला बसवून खात्री केली होती. सगळं ठीक होतं. फक्त मावशी आल्या आल्या आपली बॅग खुर्चीवर सताड उघडी ठेवत. आतला कंगवा, डबा, रेडिओ, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

ठिणगीला ती उघडी बॅग बघवत नसे. रोज सकाळी ती खुर्चीपाशी जायची, आत न बघता हळूच चेन लावायची आणि निघून जायची. मावशींना दिसायचं, पण दुसऱ्या दिवशी बॅग पुन्हा उघडीच असायची. सुट्टी संपत आली तरी हे चालूच होतं.

निघायच्या दिवशी ठिणगी नेहमीसारखी आजोबांच्या खोलीत गेली. आजोबा गेममध्ये दंग होते, अंगठा एकदम सरळ. खिडकीत मावशींचा रेडिओ मोठ्याने गात होता. आणि बॅग खुर्चीवर नव्हती. ती दाराच्या खुंटीला अडकवलेली होती, आणि तिची चेन मावशींनी स्वतःच लावली होती.