आत बसणारी

बोट पाण्यात सोडायची तर आधी जमिनीवर तिचे भरपूर लाड करावे लागतात. जुना रंग खरवडा, तळ घासा, फटी बुजवा, पुन्हा रंग द्या. धाकटी त्या दिवशी डोक्याला फडकं बांधून बोटींच्या यार्डात आली ती एवढ्याच कामाला. भुताखेताचा विचार मनात यावा असं काहीच नव्हतं. ऊन चांगलं पडलं होतं आणि थर्मासमध्ये चहा होता.

बोट म्हणजे काही पैसेवाल्यांची सहलीची बोट नव्हे हं. लाकडी, बुटकी, पोटाने मोठी. आई, बाबा, दादा आणि ही, अशी चौघं त्या पोटात राहिली होती. घडीचं टेबल, त्याच्यावर जेवण, त्याच्यावरच अभ्यास, आणि झोपायच्या वेळी तेच पाडून दादाचं अंथरूण. मोजे म्हणून कधी वाळायचे नाहीत. आई वैतागून म्हणायची, या घरात मिठालासुद्धा घाम फुटतो. पण झोपताना कानाशी, फळीच्या पलीकडे, पाणी चुबुकचुबुक वाजत राहायचं. त्या आवाजासाठी धाकटीचा जीव पुढे जन्मभर तुटला. आईचे सांधे धरले, बोट जमिनीवर चढली, माणसं गावातल्या दोन खोल्यांत गेली. तिथे धाकटीला कधी गाढ झोप लागली नाही. लग्न झालं, मोडलं. नोकरी लागली, संपली. झोप काही आली नाही.

आता आई नव्हती, बाबाही नव्हते, आणि यार्ड बंद होणार होतं. उद्याच्या भरतीला जी बोट पाण्यात जाईल ती वाचली, राहील ती तोडून लाकूड विकायचं, असं मालकाने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. धाकटीने भाड्याची खोली सोडून दिली होती. तरंगली तर घर, नाही तर सरपण. मधलं काही नव्हतं.

"आमच्याकडे राहा की," दादा म्हणायचा. "वहिनी काय खाते तुला?"

"वहिनी नाही रे, तुझं घोरणं खातं," ती म्हणायची. मग दोघं हसायची आणि विषय तिथेच राहायचा.

आता काम कसं ते सांगायला हवं. लाकडी बोट वर्षानुवर्षं कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि मधल्या फटींतून उजेड दिसायला लागतो. त्या फटीत सुताचा पीळ बोथट पटाशीने ठोकून बसवायचा आणि वरून पुट्टी भरायची. कमी ठोकला तर पाणी आत येणार. जास्त ठोकला तर पाण्यात फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटून बोटीच्या बरगड्याच मोडणार. बाहेरून नेमकं कळत नाही. म्हणून एकाने बाहेर ठोकायचं आणि एकाने आत अंधारात बसून फटीतला उजेड बघायचा. आतून एकदा टक आलं की अजून. दोनदा आलं की पुरे.

बाबा बाहेर आणि धाकटी आत, ही त्यांची जोडी. बोटीचं नाक, म्हणजे दोन्ही बाजूंच्या फळ्या पुढे जिथे मिळतात ती जागा, तिथे पलंगाखालून पोटावर सरपटत जावं लागायचं. भोक एवढंसं, की लहान मूलच मावावं. तिला ती जागा फार आवडायची. डांबराचा वास, अंगावर उजेडाचे पट्टे, आणि फळीपलीकडे बाबांचा श्वास ऐकू यायचा. 'पुरे' सांगताना ती दोनदा वाजवून वर फळीवरून नख ओढायची. बाबा म्हणायचे, झाली बाईसाहेबांची सही.

तर त्या दिवशी जेवणापर्यंत मधला भाग उरकला. आत दादा होता, कण्हत-कुथत, दर घटकेला पाठ धरत. नाकाचं राहिलं. यार्डातले सुतारमामा बाबांच्या वेळचे. ते जाता जाता म्हणाले, "ताई, नाकाचं तेवढं अंदाजाने घ्या. आत आता कोण जाणार? दादांना पाठवलं तर बोट फोडून बाहेर काढावे लागतील."

दादाने हे मनाला लावून घेतलं नाही. जरा पाठ टेकतो म्हणून शिडी चढून तो बोटीत गेला. धाकटी नाकाखाली उकिडवी बसली. वर ताडपत्री होती, त्यामुळे तिथे भर दुपारी तिन्हीसांजेसारखा उजेड होता. ओल्या मातीचा आणि डांबराचा वास तिथे दाटून राहिला होता. तिने पीळ फटीवर धरला, पटाशी टेकवली, हातोडा मारला आणि जुन्या सवयीने थांबली.

टक.

तिला हसू आलं. दादा लोळायचं सोडून पुढे सरकलाय वाटतं, लांब हात करून वाजवतोय. तिने आणखी ठोकलं. टक. आणखी. टक टक. मग पुढची वीत, मग त्याच्या पुढची. आवाज हलका होता आणि बरोबर तिच्या हातासमोरून येत होता. ती सरकेल तसा तो सरकत होता. कुठे घाई नाही, चूक नाही. कामात अशी लय लागली की माणसाला वेळेचं भान राहत नाही. तिच्या मनात बाबा, आई, ते घडीचं टेबल, सगळं भरून आलं होतं. डोळे पुसत पुसत ती ठोकत राहिली. किती वर्षांनी तिला इतकं सुख होत होतं.

दोन्ही बाजू झाल्या. शेवटचा पीळ बसला. आतून दोनदा वाजलं, आणि मग फळीवरून सावकाश नख ओढल्याचा आवाज आला.

धाकटीचा हात होता तिथे थांबला.

"सही केलीस होय रे?" तिने हळूच विचारलं. आत काहीच वाजलं नाही.

"कुणाशी बोलतेस?"

मागे दादा उभा होता. दोन्ही हातांत रंगाचे डबे. डोळा लागेना म्हणून तो पलीकडच्या बाजूने उतरून कधीच दुकानात गेला होता.

सुतारमामा आले, त्यांनी अंगठा फिरवत फिरवत सगळी फट पाहिली. "आत कोण होतं?" ते म्हणाले. "आतून बघितल्याशिवाय असा पीळ बसत नाही." दादाने डबे खाली ठेवले. मामा हात पुसत निघून गेले.

धाकटी बॅटरी घेऊन आत गेली. पलंगाखाली वाकून तिने त्या भोकावर उजेड टाकला. तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीने जाड झालेलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड. त्यातून कुणी गेलेलं नव्हतं. जाळ्याच्या मागे काळोख होता, आणि त्या काळोखातून उबदार हवा येत होती. मूल झोपलं की पांघरुणाखाली असते तशी. ती तशीच मागे सरकत बाहेर आली.

दादा पायरीवर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"आठवतं तुला," तो अगदी हळू म्हणाला, "आपण बोट सोडली तो दिवस?"

"मी त्या भोकात लपले होते."

"मी येत नाही, म्हणत होतीस. आई रडली, मी रडलो. बाबा आडवे पडून हाका मारत होते. तू एकच धरून बसलीस, मी येत नाही..."

"मग बाबांनी ओढून काढलं ना मला?"

"ओढून नाही. तू आलीस आपली. एकदम मुकाट. आईचा हात धरून शिडी उतरलीस." दादाने बोटीच्या नाकाकडे पाहिलं. "पण बाबा नाही उठले. तू खाली आईजवळ उभी होतीस, मी त्यांना बोलवायला वर गेलो, तर बाबा तिथेच आडवे, आत बघत... हाका मारत."

"कुणाला?"

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. "पुढे ते दर वर्षी यायचे इथे. एकटेच. मी एकदा मागोमाग आलो होतो. नाकावर वाजवायचे आणि कान लावून बसायचे."

"आणि?"

"घरी चल, बाळ. उद्या तोडू दे त्यांना बोट. चल तू."

ती गेली नाही. भीती वाटत होती, अंगावर काटा होता. पण परत त्या कोरड्या खोल्यांत झोपेची वाट बघत पडायचं, याची तिला जास्त भीती वाटली. दादा तिला सोडून गेला नाही. दोघांनी उजेड असेपर्यंत रंग दिला आणि मग दोघं रात्रभर यार्डाच्या पडवीत बसून राहिली.

सकाळी क्रेन आली. पोटाखालून रुंद पट्टे घालून तिने बोट उचलली. धाकटी आधीच वर चढून मागच्या बाकावर बसली होती. दादा धक्क्यावर दोर धरून उभा, आणि तोंडाने काही तरी पुटपुटत होता. बोट पाण्याला टेकली, करकरली, बसली. धाकटीने फळी उचलून तळ पाहिला. मधल्या भागात, दादा ज्या फटींवर होता तिथे, थोडं पाझरत होतं. लाकूड फुगलं की ते थांबणार होतं. नाकाकडून थेंब नाही. पट्टे सुटले. बोट तरंगली. फळीखाली चुबुकचुबुक सुरू झालं, आणि तिला वाटलं, आता इथेच, या क्षणी झोप येईल.

"ताई," धक्क्यावरून सुतारमामा म्हणाले. ते डोळे बारीक करून बोटीवरची, पाण्याची पातळी दाखवणारी रंगाची रेघ बघत होते. "नाक खाली गेलंय बघा. पुढे कोण बसलंय? त्याला मागे यायला सांगा."

बोटीत ती एकटी होती. तळात अजून सामानसुद्धा भरलेलं नव्हतं.

दादाच्या हातातला दोर ताणला गेला. "उतर," तो म्हणाला. "बाळ, उतर... मी ओढून धरतो."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या उघड्या दाराकडे. आत पायऱ्या, पलंगाची कड, आणि पुढे अंधार. तिने हाक मारली. एरवी एखाद्या लहान मुलीला मारावी तशी साधी.

"ये गं. ये मागे."

सुरुवातीला काही झालं नाही. मग बोटीचं नाक सावकाश वर आलं. मधली फळी करकरली, मग पायरी, मग तिच्याजवळची फळी. रंगाची रेघ पाण्याला समांतर झाली. मामांनी हात वर करून ठीक असल्याची खूण केली.

बोट धाकटीच्या डाव्या अंगाला जराशी कलली. बाकावर ती थोडी सरकली आणि जागा करून दिली.